एकही फट नसलेलं जॅकेट

खिडकीतून पाणी गळतं का, हे बघण्यात ज्याची सत्तावीस वर्षं गेली त्याच्यावर जॅकेट निवडायची वेळ कुणी आणू नये. पण ती आली, आणि आणली ती त्याच्या पोटच्या लेकीने.

तो तपासनीस होता. कारखान्यातून नवी खिडकी बाजारात जायच्या आधी त्याच्या प्रयोगशाळेत यायची. तिला लोखंडी चौकटीत आवळायचं, एका बाजूने पाण्याच्या तोट्या आणि भलामोठा पंखा सोडायचा, आणि दुसऱ्या बाजूला हा गृहस्थ हातात बॅटरी घेऊन स्टुलावर बसायचा. थेंब दिसला की खिडकी नापास. थेंब नाही दिसला तर हा पंखा आणखी वाढवायचा. एवढ्या वाऱ्यात घराचं छप्परसुद्धा उडून जाईल, खिडकीचं काय घेऊन बसलात, असं एकदा एका कारखानदाराने काकुळतीला येऊन म्हटलं, तर याने शांतपणे उत्तर दिलं, "छप्पर माझ्याकडे तपासणीला आलेलं नाही." कचेरीत त्याला सगळे फटीसाहेब म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्याला ते ठाऊक होतं आणि आतून आवडायचंही.

घरी तीच तऱ्हा. डब्याचं झाकण घट्ट बसतं का, हे तो डबा उलटा धरून बघायचा, तेही आमटीसकट. बायको परिचारिका होती. दिवसभर खऱ्या दुखण्यांशी गाठ पडत असल्यामुळे नवऱ्याच्या या दुखण्याकडे तिने लग्नानंतरच्या दुसऱ्याच महिन्यात काणाडोळा करायला सुरुवात केली होती. एकुलती एक लेक मात्र कोणावर गेली होती देव जाणे. पुलांचे आराखडे काढायची नोकरी, आणि सुट्टी मिळाली की पाठीला सॅक लावून डोंगरात. खडक, बर्फ, दोर, हेच तिचं माहेर. दर वर्षी ती म्हणायची, "बाबा, एकदा माझ्याबरोबर चल ना." आणि दर वर्षी फटीसाहेबांना नेमकं त्याच वेळी काहीतरी निघायचं.

यंदा मात्र तिने जेवता जेवता चमचा खाली ठेवला. "बाबा, मला चार वर्षांसाठी लांब जावं लागणार आहे. पुलाचं काम आहे, मध्ये सुट्टी जवळजवळ नाहीच. जायच्या आधी एकदा डोंगरावर माझ्या दोराला ये. तू, मी आणि वाटाड्या. आठ आठवड्यांनंतरची तारीख आहे."

त्याचे डोळे भरून आले. हे खोटं नव्हतं. लेक लहान असताना तो तिला खांद्यावर बसवून फिरवायचा, ते त्याला आठवलं. "येतो," तो म्हणाला. "येणारच. का नाही येणार?" बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं गोळी गिळली असं खोटंच सांगणाऱ्या रुग्णाकडे ती पाहत असावी.

वाटाड्याच्या अटी साध्या होत्या. आठही रविवार पाठीवर ओझं घेऊन टेकडी चढायची, मधले दोन दिवस खडकावर सराव करायचा. शिवाय सामानाची यादी होती, अकरा वस्तूंची. लेकीने त्यातल्या दहा वस्तू एका दुपारात गोळा केल्या. बूट मैत्रिणीच्या वडिलांचे मिळाले, हेल्मेट तिच्याकडे होतंच. राहिली यादीतली पहिली वस्तू, सॉफ्टशेल जॅकेट. ते ज्याचं त्याने अंगावर घालून निवडलेलं बरं, म्हणून तिने ते बाबांवर सोपवलं. इथेच घोडं अडलं.

दुकानवाली स्वतः चढणारी होती. हातांवर ओरखडे, बोटांना पट्ट्या. तिने एक करडं जॅकेट काढून पुढे ठेवलं आणि रोजच्या सवयीने सांगितलं, "हे दिवसभर अंगावर ठेवायचं. चढताना काढायची गरज पडत नाही. थोडा वारा अडवतं, थोडं पाणी अडवतं, आणि घाम बाहेर जाऊ देतं."

"थोडा म्हणजे किती?"

"थोडा म्हणजे थोडा."

तपासनिसाच्या कानांना हा कबुलीजबाब वाटला. त्याने जॅकेटची बाही उचलली, तोंडाला लावली, पलीकडे तळहात धरला आणि गाल फुगवून जोरात फुंकर मारली. दुकानातली चार माणसं वळून बघायला लागली.

"हवा येतेय," तो म्हणाला.

"यायलाच हवी."

"आपण गळणारी वस्तू विकता?"

दुकानवालीने डोळे मिटून घेतले. मग लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, "काका, ही काही खिडकी नाही. आत माणूस असतो. तो धापा टाकतो, त्याला घाम येतो. सगळं बंद केलंत तर तो आतल्या आत भिजेल. याची गंमतच ही आहे की हे सगळं थोडं थोडं करतं."

सगळं थोडं थोडं करणाऱ्या वस्तूंना आणि माणसांना त्याने आयुष्यभर नापास केलं होतं. पण लेकीला शब्द दिला होता, म्हणून त्याने ते करडं जॅकेट घरी नेलं आणि रविवारी सकाळी कामाला लागला. काम म्हणजे टेकडी नव्हे. अंगाभोवती कोरडं वर्तमानपत्र गुंडाळायचं, वर जॅकेट चढवायचं आणि शॉवरखाली उभं राहायचं, घड्याळ लावून, वीस मिनिटं. बाहेर लेक सॅक भरून तयार होती, आणि बायकोला ड्यूटीवर जायला उशीर होत होता.

"अहो, आंघोळ करताय की अभिषेक?" तिने दार वाजवत विचारलं.

"अकराव्या मिनिटाला खांद्यावरून गळालं!" आतून विजयी आवाज आला. वर्तमानपत्राचा लगदा झाला होता. तो हातात धरून तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. चूक सापडली की त्याला नेहमीच असं तरतरीत वाटायचं. टेकडीवर जायचं मात्र राहून गेलं, कारण जॅकेट ओलं होतं.

"नुसत्या शर्टावर चल ना," लेक म्हणाली. "टेकडीला काय कळतंय?"

"जॅकेटशिवाय केलेला सराव हा सरावच नाही," त्याने समजावलं. "शरीराला सवय व्हायची ती जॅकेटसकट व्हायला हवी." हे वाक्य त्याला इतकं आवडलं की त्याने ते सोमवारी कचेरीतही दोनदा ऐकवलं.

दुसऱ्या आठवड्यात निळं जॅकेट आलं. ते त्याने प्रयोगशाळेत खिडकीच्या जागी चौकटीत आवळलं आणि मागून पंखा सोडला. निळं जॅकेट पोट फुगलेल्या माणसासारखं टरटरलं आणि काखेच्या शिवणीतून शिट्टी वाजली. नापास. तिसऱ्याची चेन त्याने रोज जेवताना वरखाली केली, एक घास, वीस फेऱ्या, असं. अठराशे फेऱ्यांनंतर ती अडकली. जगात कोणत्या गिर्यारोहकाने एका चढाईत अठराशे वेळा चेन उघडली असेल, हे त्याला विचारायची सोय नव्हती, कारण त्यावर तो दारांचं उदाहरण द्यायचा. दारं तो वीस हजार वेळा आपटून बघत असे. चौथ्या जॅकेटचं कोपर त्याने जिन्याच्या खरखरीत भिंतीवर घासलं. शेजारच्या आजींनी दार उघडून, कोपराने भिंत घासणारा हा प्रौढ माणूस पाहिला आणि दार पुन्हा लावून घेतलं.

प्रत्येक वेळी रविवार गेला. एक वाळवण्यात, एक नोंदी लिहिण्यात, एक दुकानवालीला पत्र लिहिण्यात. पत्र चार पानी होतं आणि त्यात आकृत्या होत्या. खडकावरच्या सरावाच्या पहिल्या दिवशी त्याला सर्दी झाली होती. वीस मिनिटं शॉवरखाली उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? दुसऱ्या सरावाच्या दिवशी पाचवं जॅकेट फ्रीजरमध्ये होतं, आणि ते किती वेळाने काढायचं यावर लक्ष ठेवायला घरी कुणीतरी हवं होतं.

आता खरं सांगायचं तर लेकीने एका संध्याकाळी त्याला त्या डोंगराचा फोटो दाखवला होता. "हा बर्फाचा उतार, सोपा आहे. मग ही खडकाची धार, तासाभराची. मग माथा." धार फोटोत बोटभर रुंद दिसत होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना काही म्हणता काही नव्हतं. फटीसाहेब "वा, छान" म्हणाले. लेक झोपायला गेल्यावर त्यांनी फोटो टेबलावर पालथा ठेवला. सकाळी चहा पितानाही तो सरळ केला नाही. त्या दिवसापासून चाचण्या दुप्पट झाल्या. या दोन गोष्टींचा काही संबंध असावा असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही, पण मनात आलेली प्रत्येक गोष्ट त्याने नोंदवून ठेवलेली नव्हती.

बायकोच्या मनात मात्र ते आलं आणि तोंडातूनही बाहेर पडलं. "अहो, तुम्ही जॅकेट शोधताय की सबब?"

तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. सत्तावीस वर्षांच्या अनुभवाची अशी किंमत व्हावी, आणि तीही घरातच, याचं त्याला फार वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी त्याने तिला तिचा रक्तदाब मोजायचा पट्टा मागितला. जॅकेटच्या बाहीत हवा भरून बघायची होती.

सहाव्या आठवड्यात दुकानवालीने हात टेकले. "काका, आता माझ्याकडे एकच राहिलंय," ती म्हणाली, "पण ते मी तुम्हाला देणार नाही." ते खालच्या फळीवर होतं, नारिंगी, जाडजूड, चमकदार. "लेबल सॉफ्टशेलचं आहे, पण आत रबरासारखा पडदा आहे. हे एका जागी उभं राहून काम करणाऱ्यांसाठी. धक्क्यावर, क्रेनखाली, तिथे. यात चढलात तर शिजाल."

त्याने बाही तोंडाला लावली. गाल फुगवले. डोळे बाहेर यायची वेळ आली, पण पलीकडे तळहातावर वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. त्याने पुन्हा फुंकलं. काही नाही. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो पाहून दुकानवालीने जॅकेट पिशवीत घातलं. तिचीही बिचारीची सहा आठवड्यांत फार दमछाक झाली होती.

नारिंगी जॅकेट शॉवरखाली वीस मिनिटं टिकलं, चाळीस मिनिटं टिकलं. पंख्यासमोर ते ढिम्म हललं नाही. चेन तीन हजार फेऱ्या पार करून गेली. फटीसाहेबांनी कचेरीत जाहीर केलं की एक वस्तू आपण पास केली आहे, तेव्हा हाताखालचे दोघे खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांच्या नोकरीत ही घटना पहिल्यांदाच घडत होती. एवढं होईपर्यंत हातात पाच दिवस उरले होते, आणि त्यांत रविवार एकही नव्हता.

वाटाड्याने लेकीला फोनवर विचारलं, "काकांचा सराव झाला ना?"

तिने समोर बघितलं. बाबा नारिंगी जॅकेट घालून आरशासमोर उभा होता आणि टोपीची दोरी ओढून बघत होता. हे सगळं तो आपल्यासाठी करतोय, असं तिला वाटलं. जमेल तसं, त्याच्या परीने. "झालाय," ती म्हणाली. "चांगला झालाय." खोटं बोलायची तिला सवय नव्हती, कान लाल झाले.

डोंगराखाली वाटाड्या भेटला. बुटका, पन्नाशीचा, उन्हाने रापलेला. अंगात एक जॅकेट होतं, त्याचा मूळ रंग कोणता हे सांगणं कठीण होतं. दोन्ही कोपरांना ठिगळं, एका खांद्याला तिसरंच कापड. तपासनिसाची नजर तिथेच खिळली.

"कुठलं कापड हे?"

"काय माहीत," वाटाड्या म्हणाला. "बायको शिवत असते मधूनमधून. आता निम्मं तरी तिचंच झालंय."

फटीसाहेबांनी दयेने मान हलवली आणि स्वतःची चेन गळ्यापर्यंत ओढली.

मुक्कामाचा निवारा तीन तासांच्या चढणीवर होता. वाट साधीच, पायवाट म्हणावी अशी. अर्ध्या तासात वाटाड्याने मागे वळून पाहिलं. "काका, काढा ते. ऊन आहे."

"नको. वारा कधीही सुटू शकतो."

"सुटला की घाला."

"तोपर्यंत उशीर झालेला असतो," फटीसाहेब म्हणाले. त्यापुढे त्यांना बोलता आलं नाही, कारण दम संपला होता. टेकडीचे आठ रविवार आता एक एक करून पायांत येत होते. प्रत्येक वळणावर ते थांबत, जणू देखावा बघायला, आणि देखाव्याकडे पाठ करून धापा टाकत. लेकीने त्यांची सॅक आपल्या सॅकवर बांधून घेतली. तीन तासांची वाट पाच तासांनी संपली.

निवाऱ्याच्या दारात त्याने चेन उघडली आणि आतून चक्क वाफ निघाली. वाटाड्याने न विचारता त्याच्या पाठीवर, जॅकेटच्या आत हात घातला आणि बाहेर काढला. हात निथळत होता. मग त्याने आतल्या शर्टाची बाही पिळली, तेव्हा दगडावर पाण्याची धार पडली.

"बाहेरचा थेंब आत येत नाही, हे खरं," वाटाड्या म्हणाला. "पण आतलं कुठे जाणार?"

तपासनिसाने दगडावरची धार वाकून पाहिली. खिडकीला कधी आतून घाम फुटला नव्हता.

वाटाड्या त्याला निवाऱ्यामागच्या बर्फाच्या उतारावर घेऊन गेला. बुटांना लोखंडी खिळ्यांच्या पट्ट्या बांधल्या. "दहा पावलं चाला." पहिली तीन पावलं पडली. चौथ्याला एका पायाचे खिळे दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकले आणि फटीसाहेब गुडघ्यांवर आले. उठले, पुन्हा बसले. खाली उतार फार नव्हता, पण त्यांनी तो पाहिला आणि दोन्ही हातांनी बर्फ धरून ठेवला.

"उद्या तुम्ही नाही," वाटाड्या म्हणाला. आवाजात राग नव्हता. "वर वारा आहे. असं ओलं अंग घेऊन आलात तर तासाभरात गारठाल. आणि या पायांनी धारेवर तुम्ही स्वतःलाही धोका आणि हिलाही. हिला मी घेऊन जातो. तुम्ही इथे थांबा."

फटीसाहेबांचा जीव भांड्यात पडला.

इतका स्पष्टपणे पडला की त्याचा आवाज बाकीच्यांना ऐकू गेला की काय, अशी त्याला भीती वाटली. फोटोतली ती धार आता त्याला चढायची नव्हती. हातपाय हलके झाले. भूकही लागली. आणि लगेच, अगदी त्याच श्वासात, तो ओरडायला लागला.

"असं कसं? दोन महिने मी याची तयारी करतोय! सहा जॅकेटं तपासली! मी लिहून देतो, माझ्या जबाबदारीवर येतो!" वाटाड्या जितका मान हलवत होता, तितका त्याचा आवाज चढत होता. वाटाड्या ऐकणार नाही, याची खात्री झाल्यावर तर त्याने हेल्मेट काढून बर्फात फेकलं.

लेकीने ते उचलून आणलं. त्याचा हात हातात घेतला. "बाबा, वाईट वाटून घेऊ नकोस. चूक माझीच आहे. मी तुझ्या मागे लागून सराव करून घ्यायला हवा होता." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "निवाऱ्याच्या ओट्यावरून ती धार दिसते, माथाही दिसतो. नऊच्या सुमाराला बघशील? मी वरून हात करीन."

"बघीन," तो म्हणाला, आणि त्यालाही रडू आलं. खरं रडू होतं, पण कशाचं, ते त्याने खोलात जाऊन पाहिलं नाही.

पहाटे दोघं निघाली. त्याने तिला आपलं नारिंगी जॅकेट देऊ केलं. ती हसली, त्याच्या गालावर थंड नाक टेकवून "तुलाच राहू दे" म्हणाली आणि गेली. उजाडल्यावर तो ओट्यावर आला. निवाऱ्यात एक दुर्बीण खिळ्याला टांगलेली होती, ती त्याने गळ्यात अडकवली. साडेसातला बर्फाच्या उतारावर दोन ठिपके दिसले. पुढचा वाटाड्या, मागची ती. मध्ये दोर. ज्या दोरावर त्याची जागा होती तो त्याला एवढ्या लांबून दिसत नव्हता, पण तो कुठे असणार हे त्याने दुर्बिणीने पुन्हा पुन्हा पाहिलं. प्रत्येक पावलाला तो मनात "सांभाळ, सांभाळ" म्हणत होता. ठिपके धारेच्या पायथ्याशी खडकात शिरले. सव्वाआठ वाजले होते.

तेवढ्यात निवाऱ्यातला एक चष्मेवाला हातात चहाचा मग घेऊन बाहेर आला. गुडघा दुखत असल्यामुळे तोही मागे राहिला होता. दोन मिनिटं तो डोंगराकडे बघत उभा राहिला, मग सहज म्हणाला, "जॅकेट छान आहे हो तुमचं. कुठलं?"

एवढा एक प्रश्न. बिचाऱ्याने चहा संपेपर्यंतच्या गप्पा म्हणून विचारला होता.

"नुसतं छान?" फटीसाहेब म्हणाले आणि दुर्बीण खाली आली. त्यांनी करड्यापासून सुरुवात केली. करड्याचा खांदा, निळ्याची काख, चौथ्याचं कोपर. चष्मेवाल्याने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा दाराकडे, पण फटीसाहेब दाराच्या बाजूलाच उभे होते. मग प्रात्यक्षिक झालं. त्यांनी त्याच्या मगातला चहा स्वतःच्या बाहीवर ओतायला लावला. थेंब घरंगळून गेले. "आता इथे फुंका," ते म्हणाले आणि बाही पुढे केली. चष्मेवाल्याने भिडेखातर फुंकलं. "जोरात! गाल फुगवा!" त्याने गाल फुगवले. त्याच्या चष्म्यावर वाफ धरली. पलीकडे तळहात धरून फटीसाहेब आनंदाने डोलत होते. काल आपण याच जॅकेटात शिजलो, हे त्यांनी सांगितलं नाही. चाचणीत तो प्रश्नच नव्हता.

चष्मेवाला सुटला तेव्हा पावणेदहा वाजले होते.

फटीसाहेबांनी झटकन दुर्बीण डोळ्यांना लावली. माथा मोकळा होता. धार मोकळी होती, तिच्यावरून बर्फाचा भुगा उडत होता. त्याने इकडून तिकडे दोनदा नजर फिरवली आणि मग दुर्बीण खाली घेतली. नऊ वाजून गेले होते, म्हणजे ती वर पोचली असणार. पोचली असणार म्हणजे हात केला असणार. यात न पटण्यासारखं काहीच नव्हतं. तो बाकावर बसून राहिला, आणि हळूहळू त्याला तो हात दिसायलाही लागला.

ती दोघं दुपारच्या आत परतली. वाटाड्या पाणी प्यायला आत गेला. लेक ओट्यावर त्याच्या शेजारी येऊन बसली. वाऱ्याने तिचे गाल भाजल्यासारखे झाले होते, ओठ फुटले होते.

"दिसलो का रे आम्ही?"

"दिसलात म्हणजे काय!" तो म्हणाला. "माथ्यावर उभी होतीस. हात केलास. मीही केला इथून." ती काही बोलेना, म्हणून त्याने आणखी भर घातली. "दोन्ही हात केलेस. मी त्या चष्मेवाल्याला दाखवलंसुद्धा, म्हटलं, ती बघा, ती माझी लेक."

लेक बुटांची नाडी सोडत होती. तिचे हात थांबले.

"बाबा, आम्ही माथ्यावर गेलोच नाही."

त्याने गळ्यातली दुर्बीण काढून बाकावर ठेवली.

"धार सुरू होते तिथेच वारा एवढा वाढला की वाटाड्याने परत फिरवलं. परतायच्या आधी तासभर एका खडकाच्या आडोशाला बसलो होतो, वारा कमी होतोय का बघत. तिथून हा ओटा दिसतो. वाटाड्याकडे दुर्बीण होती." तिने नाडी पुन्हा हातात घेतली, पण सोडली नाही. "तुझं जॅकेट लांबूनही ओळखू येतं. मी बराच वेळ हात करत होते. तू कुणाला तरी बाही फुंकायला लावत होतास."

पहिल्यांदा त्याच्या तोंडात आलं, की वारा फार होता का. मग आलं, की उन्हामुळे नीट दिसत नव्हतं. दोन्ही त्याने गिळलं. नऊ दिवसांनी ती जाणार होती, चार वर्षांसाठी. त्याला आपली एवढी लाज वाटली की तिच्याकडे बघता येईना, म्हणून तो तिच्या बुटांकडे बघत म्हणाला,

"मी घाबरलो होतो गं. फोटो दाखवलास ना, तेव्हापासून."

"माहीत आहे," ती म्हणाली. "आईने सांगितलं होतं. मी म्हटलं, तो स्वतः सांगेल."

"मग मला धारेवर कशाला नेत होतीस?"

"मला कुठे धारेवरच जायचं होतं? मला तुझ्याबरोबर जायचं होतं." तिने एक बूट काढून बाजूला ठेवला. "तेवढं एकदा बोलला असतास, तर त्या टेकडीवरच गेलो असतो, नुसत्या शर्टावर. आठ रविवार होते, बाबा."